खाडीतलं गाऱ्हाणं

हौसाबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे आरोंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाखल्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. पाखले म्हणजे पोर्तुगीज. खाडीच्या या काठावर त्यांना हेच नाव होतं. आणखीही दोनचार होती, पण ती चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत. हौसाबाई ती चारचौघांतच सांगायची, हा भाग वेगळा.

त्या वर्षी, म्हणजे पंचावन्न साली, पंधरा ऑगस्टला गावातले सात जण खाडी ओलांडून गोव्यात गेले. हातात झेंडा, डोक्याला टोपी, आणि पायात काहीच नाही, कारण चिखलात वहाणा रुततात. काठीसुद्धा बरोबर घ्यायची नाही असं ठरलं होतं. बाबली सुताराच्या कमरेला सवयीनं कोयता लटकत होता, तोही होडीत बसण्याआधी काढून ठेवायला लावला. पलीकडच्या काठावर पाय ठेवून ‘भारतमाता की जय’ म्हणायचं आणि पकडतील तर पकडू द्यायचं, एवढाच त्यांचा बेत. या सातांत सगळ्यांत धाकटा शिवा. हौसाबाईचा एकुलता एक.

या काठावरून अख्खं गाव बघत होतं. घोषणा दोनदाच ऐकू आली. मग बंदुकांचे बार झाले, आधी हवेत, आणि मग दस्त्यांचा मार सुरू झाला. पाऊस एवढा लागला होता की नीट दिसेना. सातही जणांना हातपाय धरून चौकीमागे ओढत नेलं, एवढं मात्र दिसलं. त्यानंतर कोणी त्यांना पाहिलं नाही.

सावंतवाडीचे वकील भाई प्रभू या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत होते. माणूस किडकिडीत, पण चिकाटी जळवेची. त्यांनी दिल्लीला लिहिलं, मुंबईला लिहिलं. तिथून ‘विचार चालू आहे’ आलं, तेव्हा त्यांनी थेट जगालाच हाक घातली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघ, कुठं कुठं परदेशात कैद्यांची विचारपूस करणाऱ्या संस्था, ज्या देशांची नावं आरोंद्यात कोणी ऐकली नव्हती तिथले मोठे लोक, सगळ्यांना तारा गेल्या. पोस्टमास्तर म्हणाला, भाईसाहेब, या गावांचे तारेचे दर माझ्या पुस्तकातच नाहीत. भाई म्हणाले, मग पुस्तक नवीन मागवा.

जगानं लिस्बनला विचारलं, आणि लिस्बनचं उत्तर फिरत फिरत भाईंकडे आलं. ते वाचून दाखवायला भाई स्वतः आरोंद्याला आले. हौसाबाईच्या ओटीवर बसून, घसा दोनदा खाकरून त्यांनी सांगितलं, “असे कोणी इसम आमच्या ताब्यात नाहीत, असा म्हणतत. त्या दिवशी हत्यारबंद दरोडेखोरांची एक टोळी इली होती, ती पळान गेली.”

“दरोडेखोर?” हौसाबाई उठूनच उभी राहिली. “माझो शिवा? अवो, घरात कोंबडी कापूची म्हटली तर तो शेजारच्या वाडीत पळान जाता! तो कोणावर दरोडो घालतलो?”

“माका म्हायत आसा, हौसाबाय.”

“आणि पळान गेलो तर गेलो खंय? भूक लागल्यार माझ्याकडेच येवक व्हयो ना? इलो नाय!”

हौसाबाईचा नवरा धोंडू नाईक खांबाला टेकून बसला होता. भाई गेल्यावर हौसाबाई चुलीपुढं जाऊन बसली, आणि तिथं तिला ते उत्तर नीट कळलं.

“आयकलात काय?” ती आतूनच नवऱ्याला म्हणाली. “आमच्याकडे नायच, असा तेंनी जगाक लिवन दिला. आता उद्या झिलाक, शिवाक, मारून खाडीत टाकलो तरी कोणाक जाब इचारूचो? जो थंय नायच, तो मेलो कसो?”

धोंडूचं तोंड पंधरा ऑगस्टपासूनच बंद होतं. खरं तर बोलायचा मान सगळ्या गावात त्याचा. तो मानकरी. जत्रेला, पेरणीला, नवी होडी पाण्यात लोटताना देवापुढं गाऱ्हाणं घालायचं ते त्याच्या घराण्यानं. गाऱ्हाणं म्हणजे गावानं देवाकडं मांडलेलं मागणं. मानकऱ्यानं एकेक मागणं खड्या आवाजात सांगायचं आणि प्रत्येक मागण्यापाठी गावानं एका दमात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. आमच्या मुलखात पोर ‘आई’ म्हणायच्या आधी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकतं. जेवता जेवता कानावर गाऱ्हाणं पडलं तरी घास तोंडात तसाच ठेवून माणूस ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. न म्हणणं जमतच नाही.

पोरं निघाली त्या सकाळी धोंडूनं देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, ‘सातय जणांक सुखरूप हाड रे म्हाराजा.’ देवानं आणलं नाही. तेव्हापासून धोंडू देवळाची पायरी चढला नव्हता. देव बहिरा झाला, एवढंच तो एकदा म्हणाला होता.

आता पाखल्यांना वाटलं असेल, खाडी बंद केली की बातमी बंद. पण बायकांचं शिंपल्या वेचणं कोण बंद करणार? सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या मध्यावर वाळूचा पट्टा उघडा पडतो. या काठाच्या आणि त्या काठाच्या बायका तिथं शिंपल्यातल्या तिसऱ्या काढायला पिढ्यान् पिढ्या येत आल्या. पहारेकरी त्यांच्याकडं बघतही नसत. चिखलात वाकलेल्या बायका, त्यांत बघायचं काय! हौसाबाईची मावसबहीण मथुरा पलीकडं दिलेली. दोघी वाळवंटावर पाठीला पाठ लावून, मान वर न करता बोलायच्या.

“आसत,” मथुरा एक दिवस तिसऱ्या उकरता उकरता म्हणाली. “सातय जण आसत. चौकीच्या पाठीमागे मिठाचा जुना कोठार आसा ना, तेच्यात कोंडल्यानी. शिवाक माझ्या डोळ्यांनी बघलंय, पाणी भरूक भायर काढलेलो तेवा.”

हौसाबाईच्या हातातला कोयता वाळूत पडला. “कसो आसा?”

“आसा,” मथुरा म्हणाली, आणि पुढं काही सांगितलं नाही. तेवढ्यावरून हौसाबाईला कळायचं ते कळलं. ती मान खाली घालून रडली आणि तसंच उकरत राहिली, कारण चौकीवरून शिपाई बघत होता.

ही बातमी भाईंना पोचायला आणि भाईंच्या तारांना फळ यायला एकच गाठ पडली. एका परदेशी संस्थेनं आपला माणूस पाठवला. हॉल्म नावाचा साहेब. कुठल्याशा थंड मुलखातला, ना आपल्या बाजूचा ना पाखल्यांच्या. उंचच्या उंच, डोक्यावर पांढरी टोपी, आणि उन्हानं नाक सोललेलं. जीपगाडीतून आरोंद्याच्या शाळेपुढं उतरला तेव्हा त्याला बघायला म्हशीसुद्धा जमल्या. हौसाबाईनं त्याला शहाळं दिलं. त्यानं ते संपवून असं काही बघितलं की तिनं दुसरं फोडलं, आणि मग तिसरं. माणूस वाईट दिसत नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण साहेब बोलायला लागला तेव्हा तिचा धीर सुटत चालला. भाई एकेक वाक्य समजावून सांगत होते. साहेबाला पलीकडं जायची परवानगी मिळाली होती, एका दुपारची. पाखल्यांची होडी खाडीच्या मध्यावर येऊन त्याला घेणार. बरोबर एकही हिंदी माणूस चालणार नाही. चौकी बघायची, कप्तानाशी बोलायचं आणि परत यायचं.

“तेंका सांगा, कोठारात आसत,” हौसाबाई म्हणाली. “चौकीत नाय, कोठारात! माझ्या भयणीन बघलेला आसा.”

भाईंनी सांगितलं. साहेबानं सोललेलं नाक चोळलं आणि बराच वेळ काही बोलला. तो काही रागावलेला दिसत नव्हता, दमलेला दिसत होता.

“काय म्हणता?” हौसाबाईनं भाईंना विचारलं.

“म्हणता, दोन्ही बाजूंनी माका खूप सांगितलानी. हे म्हणतत आसत, ते म्हणतत नायत. दुसऱ्यान सांगितलेला माका कागदार मांडूक येणा नाय. जा मिया स्वता बघलंय, स्वता आयकलंय, ताच फक्त मांडतलंय. कोठाराचो कुलूप उघड म्हणान सांगूक माका कायतरी आधार व्हयो. नायतर कप्तान सांगतलो बंदुकीची दारू भरलेली आसा भुतूर, आणि मिया गप परत येतलंय.”

शाळेच्या ओटीवर सातांच्या घरची माणसं होती, म्हातारे होते. एवढ्या तारा, एवढं जग, आणि शेवटी सगळं येऊन अडलं होतं मिठाच्या एका कोठाराच्या दारावर. बाबली सुताराची बायको पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

हौसाबाई मात्र साहेबाकडं टक लावून बघत होती.

“भाई, तेंका परत इचारा. बघलेला धरतत, ता कळला. आयकलेलाय धरतत?”

भाईंनी विचारलं. साहेबानं मान डोलावली. ते समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर हौसाबाईनं नवऱ्यापुढं बेत मांडला. साहेब चौकीत बसलेला असेल तेव्हा गावातल्या सगळ्या होड्या खाडीत न्यायच्या, आपल्या हद्दीच्या कडेपर्यंत. धोंडूनं तिथून गाऱ्हाणं घालायचं. कोठारातली पोरं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्याशिवाय राहणार नाहीत. साहेब आपल्या कानांनी ऐकेल.

धोंडूनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला. “खुळी झालंस काय तू? गाऱ्हाणा काय पाखल्यांक आयकवायची वस्तू? ता देवाचा!”

“देवान आयकला नाय म्हणान तुमी आज तीन म्हयने रुसान बसलात. आता माणसाक आयकवया.”

“आणि पोरां ओरडली, मगे? साहेब निघान गेल्यार पाखले तेंची चामडी सोलतीत! ओरडलो तर मार पडतलो माझ्या झिलाक. तुका कळता काय?”

हौसाबाईला ते कळत होतं. तीही रात्रंदिवस तोच विचार करत होती. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

“ओरडलो तर मार पडतलो,” ती म्हणाली. “ओरडलो नाय तर तो ह्या जगात नायच.”

धोंडू उठला, विहिरीवर जाऊन आंघोळ करून आला आणि खुंटीवरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं. एवढंच. मानकरी तयार झाला, हे हौसाबाईला समजलं.

ठरल्या दिवशी दुपारी भरतीचं पाणी काठोकाठ होतं. साहेबाला घेऊन पाखल्यांची होडी गेली, आणि साहेब चौकीच्या व्हरांड्यात टेकतो न टेकतो तोच या काठावरून होड्या सुटल्या. जाळ्याच्या होड्या, रेती वाहायच्या होड्या, घरटी एक होती नव्हती ती होडी. बायका, म्हातारे, सगळे त्यांत कोंबून बसलेले. खाडीच्या मध्यावर, हद्दीच्या अलीकडं त्या एका रांगेत उभ्या राहिल्या. चौकीचा व्हरांडा तिथून स्पष्ट दिसत होता. साहेबाची पांढरी टोपी दिसत होती, हातातला कपसुद्धा दिसत होता. कप्तान हात हलवून काहीतरी सांगत होता. काठावरच्या शिपायांनी बंदुका सरसावल्या, पण झाडणार कशा? पाहुणा घरात बसलेला.

धोंडू होडीत उभा राहिला. हात जोडले. आणि त्यानं साद घातली.

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!” होड्या गरजल्या. पाण्यावरून आवाज सरळ पलीकडं गेला.

“आज तुझी लेकरां ह्या खाडीच्या पाण्यात उभी ऱ्हवली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका आपली माणसां बघूची आसत...”

“व्हय म्हाराजा!”

प्रत्येक वेळी सगळे कान देऊन ऐकत होते. कोठाराकडून काही नाही. भिंत, कौलं आणि बंद दार. कप्तानानं साहेबाला हसत हसत काही सांगितलं. अडाण्यांची पूजाअर्चा चालू आहे, असंच सांगितलं असणार. साहेबानं कप तोंडाला लावला.

धोंडूनं आणखी एक साद घातली. परत तसंच. मग “बा देवा...” म्हणाला आणि पुढं शब्द निघेना. म्हातारा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. “नायत गो,” तो म्हणाला. “पोरां नायत. संपली.”

कोणी वल्ह्याला हात लावला, परत फिरायला.

आणि हौसाबाई उठून उभी राहिली.

बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं आरोंद्यात कोणी ऐकलं नव्हतं. शास्त्रात आहे की नाही हे विचारायला त्या घटकेला वेळही नव्हता. तिनं पदर कमरेला खोचला. हात जोडायच्या ऐवजी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा आभाळाकडं केला, माशांच्या बाजारात भाव मोडणाऱ्या गिऱ्हाइकाकडं करायची तसा.

“बा देवा म्हाराजाऽऽ! बहिरो झालंस काय रे?”

होड्यांतली माणसं दचकली. पण सवय ती सवय. “व्हय म्हाराजा!”

“वर्षभर कोंबडे खातंस, नारळ खातंस! आमच्या झिलांक बोलावक सांगलंय तर तोंडात मूग घेवन बसलंस?”

“व्हय म्हाराजा!”

“आणि रे, कोठारातल्या शिवग्या! तुज्या आवशीचो आवाज इसारलंस? घोवाक माज्या रडवलंस, साहेबाचो चाय निवलो, आणि तू भुतूर बसान मीठ चाखतंस? तोंडार तुज्या शिरा पडो! मेल्या, वरड!”

आणि वरडला!

आधी एकच आवाज आला, फाटका, हसण्यात आणि रडण्यात सापडलेला. “व्हय म्हाराजा!” मग दुसरा. मग सगळे. कोठाराच्या भिंतीतून, कौलांखालून, बंद दाराच्या फटींतून, “व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!” मागणं नव्हतं, काही नव्हतं, तरी ते थांबेनात. तीन महिने तोंडात दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

होड्यांत काय झालं ते सांगता यायचं नाही. बाबली सुताराच्या बायकोनं पाण्यातच उडी टाकली, तिला केसाला धरून वर काढावी लागली. धोंडूनं तोंडावरचे हात काढले आणि नुसता बघत राहिला. हौसाबाईच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण तोंड थांबलं नव्हतं.

“आयकलंस काय रे साहेबाऽऽ!”

साहेबानं कप खाली ठेवलेला दिसला. तो उठला. कप्तान त्याच्या पुढं आडवा झाला, डोंगराकडं बोट दाखवून काही म्हणाला. प्रतिध्वनी आहे म्हणाला, हे मागाहून कळलं. साहेबानं डोंगराकडं बघितलं, खाडीकडं बघितलं, आणि कप्तानाला वळसा घालून सरळ कोठाराकडं चालायला लागला. लांब टांगांचा माणूस, कप्तानाला त्याच्या मागं पळावं लागलं. कोठाराच्या दारापुढं जाऊन तो उभा राहिला. हाताची घडी घातली आणि हललाच नाही.

दार लगेच उघडलं नाही. चावी सापडत नाही, असं नाटक झालं. तेवढा वेळ हौसाबाईनं गाऱ्हाणं चालू ठेवलं. पाऊस माग, पाणी माग, गाईम्हशींना दूध माग, गावातल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरींना नवरे माग. देवाकडं मागायचं संपलं तेव्हा तिनं पोस्टमास्तराची बदली मागितली. प्रत्येक मागण्याला अलीकडून होड्या आणि पलीकडून कोठार गरजत होतं. पाठीमागं कधीतरी धोंडूही उभा राहिला आणि बायकोच्या सादेला सगळ्यांत मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागला. कोठारावर पहाऱ्याला असलेला शिपाई गोव्यातल्याच पेडण्याकडचा, आपल्याच बोलीचा होता. मथुरानं पुढं सांगितलं की तो मेलाही बंदूक खांद्याला लावून हळूच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. कप्तानानं त्याच्याकडं बघितलं तेव्हा खोकल्याचं सोंग केलं.

शेवटी दार उघडलं. उन्हात एकेक करून माणसं बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून. होड्यांतून मोजलं. सात!

“आसत!” हौसाबाई ओरडली. “सगळे आसत!” ती होडीत बसली ती काठाला लागेपर्यंत उठली नाही.

साहेब संध्याकाळच्या आत परत आला. त्याचा चेहरा उन्हानं लाल होताच, आता रागानंही झाला होता. त्यानं सातही जणांची नावं त्यांच्याच तोंडून विचारली होती, हातात हात घेतले होते, पाठीवरचे वळ बघितले होते. उद्या मी परत येऊन हे सात मोजीन, परवाही मोजीन, एक कमी झाला तर सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांत तुझं नाव छापून येईल, असं कप्तानाला तोंडावर सांगून आला होता. आणि खरंच तो आठवडाभर शाळेत मुक्काम ठोकून राहिला. रोज पलीकडं जायचा, रोज मोजून यायचा; परवानगी एका दुपारचीच होती, पण आता त्याला अडवायची कप्तानाची छाती झाली नाही. हौसाबाई त्याला पेज आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर घालायची. तो घाम पुसत, नाक पुसत सगळं खायचा.

पहिल्या दिवशी मात्र तो होडीतून उतरला तसा थेट तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि भाईंना म्हणाला, हिच्या मुलाचा निरोप आहे. मला तो कळला नाही, मी फक्त पाठ करून आणला आहे. मग त्यानं एकेक अक्षर चाचपत, तोंड वेडंवाकडं करत सांगितलं, “आये, गाऱ्हाण्यात गाळी घालूक नाय.”

हौसाबाई हसली. मग एवढी रडली की साहेब घाबरला.

शिवा घरी आल्यावर बाकीचं कळलं. मारण्याची धमकी होतीच, पण पोरांनी स्वतःच ठरवलं होतं, एकाच्या ओरडण्यानं सातांना मार नको. धोंडूची साद ऐकून त्यांनी एकमेकांची तोंडं हातांनी दाबून धरली होती, रक्त येईपर्यंत ओठ चावले होते. “आबाच्या गाऱ्हाण्याक आमी तग धरून ऱ्हवलंव,” शिवा सांगायचा. “पण आये देवाक गाळी घालूक लागली आणि बाबलीक हसू इला. हसू इल्यार तोंड दाबून कोण धरतलो?”

पण ते पुढचं. त्याआधी साहेब आपल्या देशात गेला आणि बघितलेलं, ऐकलेलं सगळं त्यानं जगापुढं मांडलं. ज्या मोठ्या लोकांनी भाईंच्या तारांना पोचही दिली नव्हती, ते आता पाखल्यांना विचारायला लागले, दरोडेखोर पळून गेले म्हणाला होतात ना? मग हे सात जण कोण? ‘नाहीत’ म्हणून लिहून दिलेली माणसं आता ठेवायची कशी आणि कुठल्या कायद्यानं? संक्रांत उलटून गेल्यावर एका सकाळी चौकीवरून पांढरं फडकं हललं.

सुकतीची वेळ होती. पाखल्यांच्या होडीनं सातांना वाळवंटाच्या अलीकडं सोडलं आणि पाठ फिरवली. तिथून आरोंद्याचा काठ म्हणजे गुडघा गुडघा चिखल. दोन्ही काठांना माणसंच माणसं. गोव्याकडच्या लोकांना जमाव करायची बंदी होती, तरी ते माडांखाली उभे होते आणि शिपाई त्यांना हाकलत नव्हते. आपल्या काठावर तर ढोल होते, झेंडे होते, भाई हार घेऊन उभे होते, मुंबईहून आलेला फोटो काढणाराही होता.

सहा जण चिखल तुडवीत निघाले. शिवा निघाला नाही. एक पाऊल टाकलं आणि तो तिथंच थांबला. तळपायांवर मार बसला होता, चिखलात पाय ओढून काढायचं बळच नव्हतं. तो हसत हात हलवत होता, पुढचे दोन दात नसलेलं हसू, जणू आपण मुद्दामच उभे आहोत.

हौसाबाईनं ते एका नजरेत ओळखलं. लुगडं वर खोचून ती चिखलात उतरली. कोणी पुढं सरसावला त्याला तिनं “सरा बाजूक” म्हणून कोपरानं लोटलं. शिवापुढं पोचली, त्याच्या तोंडावरून एकदा हात फिरवला, आणि पाठ करून वाकली.

“चड.”

“आये, वेडी झालंस काय? वीस वर्षांचो आसंय मी.”

“चड म्हणतंय ना.”

तो चढला. अंगात हाडंच राहिली होती, त्याचं वजन तिला तिसऱ्यांच्या टोपलीएवढंही लागलं नाही. ती पाऊल पाऊल टाकत निघाली. काठावरचे ढोल थांबले होते. दोन्हीकडची माणसं बघत होती, चौकीवरचे शिपाई बघत होते, फोटो काढणारा चिखलात उतरून पुढं पुढं येत होता.

“आये, खाली उतरव गो,” शिवानं तिच्या मानेत तोंड लपवलं. “सगळे बघतत.”

“बघूंदेत!” हौसाबाई म्हणाली, आणि त्याला पाठीवर आणखी वर सरकवून घेतलं. “जगान बघूचा म्हणानच तर जगाक बोलावला आमी.”